आईच्या गाडीची गळती

गल्लीत सगळे ज्यांना गिअरबॉक्सवाले काका म्हणत, त्या मेकॅनिकने बायको गेल्यापासून तिच्या गाडीला हात लावला नव्हता. कित्येक वर्षं ती शेडमध्ये झाकून उभी होती. लेकीला परगावी नोकरी लागली, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, आईची गाडी मी घेऊन जाते."

काका हरखून कामाला लागले. गाडी खालून स्वच्छ पुसली, पुठ्ठा अंथरला आणि इंजिन चालू ठेवलं. थोड्याच वेळात पुठ्ठ्यावर लाल तेलाचा डाग पडला. गिअरबॉक्सच्या तळाचं गास्केट वाळून चिरलं होतं. ते बदललं, तर चाकाकडच्या सीलमधून तेल झिरपायला लागलं. तेही बदललं, तर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून थेंब टपकू लागले. उभ्या उभ्या सगळं रबर कडक होऊन गेलं होतं. शेवटी त्यांनी अख्खा गिअरबॉक्स उतरवला. आतलं सील कुठेच मिळेना. मापाला जवळचं बसवून सगळं पुन्हा जोडलं, तरी गळती हटेना.

निघायच्या दिवशी लेक बॅग घेऊन शेडच्या दारात आली.

"बाबा, होईल ना?"

आजवर प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यांनी 'होईल' असंच सांगितलं होतं.

"मला नाही जमत गं," ते म्हणाले.

"असू दे," म्हणत ती जरा वेळ आईच्या सीटवर टेकली आणि मग स्टँडकडे निघाली. काका तेलकट हात अंगापासून दूर धरून तसेच उभे राहिले. तिला जवळ घ्यायचंही राहून गेलं.