लिंबोणीचं पाणी

अंबिकाबाईंना स्वस्थ बसणं म्हणून ठाऊक नव्हतं. कर्जतच्या शाळेतून निवृत्त झाल्या, वर्गातली पोरं सुटली आणि परसातली झाडं सापडली. पावसाळ्यात जास्वंदीच्या फांद्या रोवायच्या, दसऱ्याआधी शेवंतीला काड्यांचा टेकू द्यायचा, थंडीच्या तोंडावर गुलाब छाटायचा, उन्हाळ्यात जुन्या साड्या बांधून कुंड्यांवर सावली धरायची. एवढ्यावर भागलं असतं तर झाडांनीही तक्रार केली नसती. पण काल रोवलेली फांदी मुळं फुटली का म्हणून बाई आज उपटून बघायच्या. यजमान हेमचंद्रराव कोर्टातले निवृत्त कारकून, बोलणं बेताचं. ते ओट्यावर पेपर वाचत बसायचे आणि बाई त्यांच्या पायांवरून पाण्याचा पाईप ओढत न्यायच्या.

सगळा जीव मात्र भिंतीलगतच्या लिंबोणीत. लावून नऊ वर्षं झाली होती. दुष्काळात नळ आटले तेव्हा बाईंनी भांडी विसळलेलं पाणी तिला घातलं, आणि पाणी आल्यावर तर रोज सकाळ-संध्याकाळ आळं तुडुंब भरलं. झाड माजलं, भिंतीवरून पलीकडे गेलं, काट्यांनी धुणं फाडू लागलं. फूल मात्र औषधाला नाही.

दूध घालायला येणाऱ्या बनुबाई एकदा म्हणाल्या, "बाई, काढून टाका ह्ये. वांझ झाड दारात कशापायी ठिवायचं?"

तो शब्द बाईंना फार लागला. त्या तिरीमिरीत बोलून गेल्या, "यंदा फुललं नाही तर गुढीपाडव्याला तोडू." हेमचंद्ररावांनी पेपरातून मान वर करून होकार दिला, आणि बोललेलं मागे घेणं काही बाईंना जमण्यासारखं नव्हतं. त्या दिवसापासून त्या लिंबोणीला आणखीच पाणी घालू लागल्या.

अशात मार्गशीर्षात मुलीचं, रुचाचं बाळंतपण आलं. बाईंना पुण्याला जावं लागलं. एसटीत बसेपर्यंत त्या सूचना देत होत्या आणि हेमचंद्रराव "बरं" म्हणत होते.

पुण्यात नात गोड, रुचा सुखरूप, पण बाईंचं चित्त थाऱ्यावर नाही. झोपलेल्या बाळाचं दुपटं सारखं करायला जायच्या आणि त्याला उठवून बसायच्या. रुचाच्या बाल्कनीतलं मनीप्लांट त्यांनी पाणी घालून घालून कुजवलं.

"आई, तू जरा बस ना गं," रुचा काकुळतीला येऊन म्हणायची. मग बाई बसायच्या आणि कर्जतला फोन लावायच्या.

"लिंबोणीला पाणी घातलं?"

"घातलं."

"भरपूर?"

"भरपूर."

"दाखवा बरं व्हिडिओवर."

"परसात रेंज नाही."

परसात रेंज नाही हे बाईंना पटत नव्हतं. झाड मेलंय आणि हा माणूस लपवतोय, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. माघात रुचा हिंडू-फिरू लागली, तशी बाईंनी पिशवी भरली.

फाटक उघडताच वास आला. बाई चपला न काढताच परसात धावल्या. निम्मी पानं गळाली होती आणि उघड्या पडलेल्या फांद्या कळ्यांनी आणि पांढऱ्या फुलांनी भरून गेल्या होत्या. मधमाश्या घोंगावत होत्या. बाईंचे डोळे भरून आले. मग त्यांची नजर खाली गेली. आळं खणून मोकळं केलेलं होतं, आणि पाणी न पोचलेली त्याच्या कडेची जमीन भेगाळलेली होती.

"पाणी घालत नव्हतात तुम्ही."

हेमचंद्रराव मागे येऊन उभे होते. "ताण दिला. महिनाभर तोडलं पाणी, मग आळं खणून, खत घालून एकदम दिलं. श्रीगोंद्याला मामांच्या मळ्यात असाच बहार धरतात. सारखं पाणी मिळालं की झाड नुसतं पाल्यावर जातं."

"आणि हे मला नऊ वर्षांत सांगावंसं वाटलं नाही?"

"दरवर्षी सांगत होतो. तू पाईप हातात धरून 'हं' म्हणायचीस."

बाईंना आठवेना, आणि आठवेना याचंच जास्त वाईट वाटलं. "म्हणजे माझ्यामुळेच अडलं होतं," त्या म्हणाल्या. "फोनवर रोज खोटं कशाला बोलायचात मग?"

"खरं सांगितलं असतं तर पुढच्या एसटीनं आली असतीस." त्यांनी गळालेलं एक पान उचललं. "पानं गळायला लागली तेव्हा माझंही धाबं दणाणलं होतं. दोनदा बादली भरून इथवर आणली आणि तशीच परत नेली. वाटलं, झाड गेलं तर तुला काय तोंड दाखवू? दुष्काळात तू जगवलंस म्हणून तर ताण द्यायला झाड उरलं होतं."

बाईंना आता पायातल्या चपला आठवल्या; त्या त्यांनी काढून कडेला ठेवल्या.

हेमचंद्ररावांनी नळाला पाईप लावला आणि त्याचं दुसरं टोक बाईंपुढे धरलं. "घाल आता. फळ धरेपर्यंत बेतानं द्यायचं."

बाईंचा हात सवयीनं पुढे गेला. तो त्यांनी मागे घेतला आणि पदरात गुंडाळला.

"तुम्हीच घाला," त्या म्हणाल्या, "आणि किती घालायचं ते मला सांगा. ऐकतेय मी."