दुकानातला तुरटीचा खडा

रविवारी इंदिरानगरमधल्या माझ्याच सलूनमध्ये माझीच बिनपाण्याने झाली... आणि करणारी कोण, तर माझी लेक सायली! फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डबा द्यायला आली होती.

खुर्चीत निकम सर होते. रिटायर्ड शिक्षक, माझं अठरा वर्षांचं गिऱ्हाईक. कातडी नाजूक, दाढी झाली की मान लाल होते, आग होते. मी नेहमीसारखा तुरटीचा खडा पाण्यात बुडवला, मानेवर फिरवणार तेवढ्यात...

"पप्पा, थांबा! आत्ता त्या दादाला हाच खडा लावला ना? त्याला तर कापलं होतं."

दुकान भरलेलं. माझं डोकंच सटकलं. ब्लेड मी प्रत्येकाला नवीन लावतो, नॅपकिन नवीन देतो, आणि ही कालची पोर मला धंदा शिकवणार? "डबा ठेव आणि घरी जा," म्हणालो. जरा जोरातच.

ती हलली नाही. आवाजही चढवला नाही.

"तुरटी चांगलीच आहे पप्पा. तिनं कातडी आकसते, बारीक रक्त थांबतं, आग कमी होते. पण एकाचं रक्त खड्याला लागतं आणि तोच खडा दुसऱ्याच्या मानेवर जातो."

मी सरांकडे बघितलं. आता हे उठणार आणि परत कधी यायचे नाहीत, असंच वाटलं. तर सर हळूच म्हणाले, "वर्षभर मी घरी गेलो की आधी मान धुतो, मग माझा खडा लावतो. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही रे."

वर्षभर! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं... खडा सगळ्यांदेखत कचऱ्यात टाकला आणि बाजूला झालो. "तूच दाखव, कसं करायचं ते."

तिनं नव्या तुरटीची पूड करून स्वच्छ पाण्यात विरघळवली, कापूस बुडवून सरांच्या मानेवर मिनिटभर धरला. "हां... गेली बघ आग," सर डोळे मिटूनच म्हणाले. कापूस लगेच कचऱ्याच्या डब्यात, पुढच्याला नवीन. जखम खोल असेल तर तुरटी नाही, सरळ डॉक्टर, हेही तिनं सगळ्यांना बजावलं.

मागे बसलेल्या एकानं विचारलं, "कोण हो या मॅडम?"

"माझी मुलगी," मी म्हणालो. चूक माझी निघाली होती, तरी छाती माझीच फुगली... काय करणार, बाप आहे.