बार्न्समोरच्या खिंडीतल्या फांद्या

कराडच्या स्टँडवर मुंबईची एसटी लागली तेव्हा आईने माझ्या खिशात अंगाऱ्याची पुडी कोंबली आणि शेवटची तंबी दिली, “कायबी हो बाळा, पर डायवर हू नगंस.” शेजारी अण्णा, म्हणजे माझे वडील, निमूटपणे माझ्या बॅगा चढवत होते. उभा जन्म ट्रक चालवण्यात गेलेला माणूस, बोलणार काय?

तर गावाकडच्या मंडळींनो, आणि डब्लिन-कॉर्कच्या ऑफिसांत हीटरला पाठ लावून बसलेल्या मित्रांनो, मी आयर्लंडला येऊन लॉजिस्टिक्समध्ये एम.एस्सी. केलं आणि ट्रक ड्रायव्हर झालो. आधी काही दिवस स्क्रीनवर दुसऱ्यांचे ट्रक हलवले, मग राहवेना. बायको मुग्धा इथे उत्तरेकडच्या लेटरकेनी गावच्या हॉस्पिटलात डॉक्टर, त्यामुळे घरात एक तरी शहाणं माणूस आहे.

आईचा खरा राग होता तो माझ्या बारशाचा. त्या दिवशी अण्णांची गाडी कुंभार्ली घाटात बंद पडली. आत्याने नाव ठेवलं, पाळणे म्हणून झाले, घुगऱ्या वाटून संपल्या आणि बाप उगवला दुसऱ्या दिवशी. हे मी इतक्यांदा ऐकलंय की मला ते बारसं आठवतं असंच वाटतं.

या मार्चमध्ये आमच्या लेकीचं बारसं होतं. आई त्यासाठीच इथे आलेली. मी खाली दक्षिणेकडच्या शॅननहून माल घेऊन निघालो तेव्हा फोनवर म्हणाली, “बापाच्या वळणावर जाऊ नगंस. दिस मावळायच्या आत ये.” मी म्हटलं, दुपारच्या चहाला घरी.

हवामानवाल्यांनी हलक्या सरी सांगितल्या होत्या. डोनेगल शहर मागे पडलं आणि बार्न्समोरच्या खिंडीत आभाळातून कुणी पिठाची चाळण उलटी करावी तसा बर्फ सुरू झाला. एका वळणापुढच्या चढावर चाकं जागच्या जागी गरागरा फिरू लागली. फोनला रेंज नाही. मागे लावलेला धोक्याचा त्रिकोण बघता बघता पांढरा होऊन दिसेनासा झाला. बारसं गेलं, असंच वाटलं.

मग अण्णांनी घाटात केलं असतं तेच केलं. रस्त्याकडेच्या सूचिपर्णी झाडांच्या फांद्या मोडल्या आणि वळणाच्या मागेपर्यंत टाकत गेलो. आपल्याकडे रस्त्यात फांद्या दिसल्या की पुढे गाडी अडलीय हे पोरालाही कळतं. इथे कुणाला कळणार, हा प्रश्न होताच.

थोड्या वेळाने एक ट्रॅक्टर आला आणि हिरवं बघून वळणाआधीच हळू झाला. शेमस नावाचा तिथलाच मेंढ्यावाला शेतकरी. उतरून म्हणाला, “काय रे, ख्रिसमस होऊन गेला की!” मग माझा ट्रक बघून टोपी मागे सारली. “या फांद्या नसत्या तर तुझ्या मागच्या दारातच शिरलो असतो.” आम्ही काही फांद्या चाकांखाली घातल्या, त्याला लेकीच्या बारशाचं सांगत साखळी बांधली, आणि ट्रॅक्टरने गाडी चढावर ओढून काढली.

“ग्रँड! आता पळ. बारसं ना तुझ्या लेकीचं?”

पण रस्ता फांद्यांनी भरलेला. अण्णा म्हणायचे, “गाडी सुटली की आपली खूण उचलायची, नाहीतर ती मागच्याच्या जिवावर उठते.” उजेड उतरत होता, डोळ्यांपुढे आईचा चेहरा. बापाला मनसोक्त शिव्या घातल्या आणि वळणापर्यंत मागे चालत गेलो. शेमसही कुरकुरत वेचू लागला.

खिंडीपलीकडच्या बॅलीबोफे गावात रेंज आली तेव्हा आईला सगळं भडाभडा सांगितलं. ती “हं” म्हणाली आणि फोन ठेवला. आता माझं काही खरं नव्हतं.

पोहोचलो तेव्हा दिवस केव्हाच मावळला होता. दार उघडलं तर पाळणा सजलेला, मुग्धाच्या हॉस्पिटलातली मंडळी अवघडून बसलेली, आणि घुगऱ्यांवर ताट झाकलेलं. आई म्हणाली, “बसा म्हटलं समद्यास्नी. तुझ्या बारशाच्या येळंला तुझ्या बापासाठी कुणी थांबलं न्हाई. मीबी न्हाई.”

कराड घर की लेटरकेनी, असं तुम्ही नेहमी विचारता. माझ्यासाठी घुगऱ्या झाकून ठेवल्या होत्या, ते घर.

पाळण्याला टेकवलेल्या फोनमध्ये कराडहून अण्णा होते; आईने त्यांना खिंडीतलं सगळं आधीच सांगितलेलं. नातीकडे न बघता त्यांनी आधी मला विचारलं, “फांद्या उचलल्यास का रे?”

मी तोंड उघडायच्या आत आईच फोनवर कडाडली, “इचारताय काय? डायवरचा पोर हाय त्यो!”