आत्यांची टाकी

आमच्या मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, जीप चालवता येत नव्हती असं मी म्हणत नाही. त्यांना चालवता येत होती, जीपलाच चालता येत नव्हतं.

केज तालुक्यातलं आमचं गाव. मामा गावच्या सोसायटीचे चेअरमन, आणि चेअरमनला मोटारसायकल शोभत नाही असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं. मग लिलावातनं एक जुनी मिलिटरीची जीप आली. पेट्रोलवरची, चारी चाकांना जोर असलेली. "फोर व्हील हाय, चिखलातनं बी निघती," असं मामा पारावर बसून सांगायचे. चिखल! पाऊस न पडण्याचं ते तिसरं वर्ष. गावात चिखल बघायचा तर टँकरच्या नळाखाली बघावा लागला असता, आणि तिथं बायका कळश्या लावून बसायच्या, म्हणून तिथंही तो होत नव्हता.

ती जीप पेट्रोल इतकं प्यायची, की चौसाळ्याला जायचं म्हटलं तरी मामा आधी दोनदा मिशी कुरवाळायचे. मग केजच्या एका मिस्त्रीनं उपाय सांगितला, गॅस. त्यानं इंजिनाशेजारी एक गोल डबी बसवली, नळ्या जोडल्या आणि समोर एक खटका लावून दिला. वर केला की पेट्रोल, खाली केला की गॅस, मधे ठेवला की दोन्ही बंद. मिस्त्रीनं बजावलं होतं, आधी पेट्रोलवर सुरू करा, इंजिन तापू द्या, मग खटका मधे ठेवून आतलं पेट्रोल संपू द्या, आणि मगच गॅसवर घ्या. पण दम धरणं मामांना माहीतच नव्हतं. ते खटका वरून थेट खाली आणायचे. दोन्ही एकदम आत जायचं आणि असा बार व्हायचा की गोठ्यातली म्हैस दावं तोडायला बघायची. हवेच्या फिल्टरचं झाकण दोनदा उडून आमच्या उकिरड्यावर पडलं. दोन्ही वेळा ते मीच शोधून आणलं.

आता ह्या जीपला गॅस कुठला? इथं माझं डोकं फिरायचं. आज इतकी वर्षं झाली, तरी लिहिताना फिरतं. गॅस घरचा! आत्यांचा!

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना दमा होता. उभा जन्म कापसाच्या पऱ्हाट्यांच्या धुरात भाकरी थापून छातीचा भाता झालेला. केजच्या डॉक्टरनं मामांच्या तोंडावर सांगितलं होतं, "ह्यांच्यापुढचा धूर बंद करा, नाहीतर एक दिवस श्वास घेतील तो शेवटचा." तेव्हा कुठं आमच्याकडं गॅस आला, दोन टाक्यांचा. पहिल्या दिवशी आत्यांनी शेगडीला हळदकुंकू वाहिलं आणि दूध उतू जाईपर्यंत नुसत्या बघत उभ्या राहिल्या. चार महिने बाई रात्रीची आडवी होऊन झोपली. नाहीतर भिंतीला टेकून बसून रात्र काढायच्या त्या.

आणि पाचव्या महिन्यात दोन्ही टाक्या जीपच्या मागच्या बाजूला आडव्या पडल्या. पोलिसांना दिसू नयेत म्हणून वर गोधडी, आणि तीही माझी, माझ्या आईनं शिवून दिलेली. त्यावर एक मोठं पातेलं आणि झारा. कुणी अडवलंच तर मामा म्हणायचे, "भंडाऱ्याला चाललोय साहेब, सैपाकाचं सामान हाय." बारा महिने तेरा काळ ह्यांचा भंडारा! घरात आत्या पुन्हा चुलीपुढं बसल्या होत्या.

ते एवढ्यावरच भागत नव्हतं. त्या गोल डबीला रेडिएटरचं गरम पाणी फिरावं लागायचं, नाहीतर गॅसनं तिच्यावर बर्फ धरायचा आणि जीप बंद पडायची. बीड जिल्ह्याच्या उन्हाळ्यात बर्फ, तो फक्त आमच्या जीपमधे बघावा! रेडिएटर गळका, म्हणून रोज दोन कळश्या पाणी जीपला. चार दिवसांनी टँकर येणार, आम्ही एका बादलीत धुणं-भांडं उरकणार, आणि मामा ओसरीवरून ओरडणार, "आधी जीपला पाजा गं!" मी पाजायची. 

आमचे हे वडवणीला शाळेत मास्तर. रविवारी घरी यायचे. मी म्हटलं, "अवो, मामांशी एकदा बोला. आत्या मरतील अशानं." तर हे म्हणाले, "बाबांना कोण सांगणार?" चाळीस पोरांना एका नजरेत गप्प करणारा माणूस! बापापुढं गेला की ह्यांची जीभ टाळूला चिकटायची.

त्या साली चेअरमनची निवड आली. दुष्काळात चेअरमनकी म्हणजे लोण्याचा गोळा. सोसायटी जनावरांची छावणी चालवायची, आणि कुणाची जनावरं दाव्याला घ्यायची, कुणाची नाही, हे चेअरमन ठरवायचा. संचालक तेरा. सहा विरोधकाकडं, सात मामांकडं. त्या सातांत एक स्वतः मामा, पाच बाकीचे आणि सातव्या आमच्या आत्या. महिलांच्या राखीव जागेवर दुसरी बाई नको म्हणून मामांनीच त्यांना बसवलं होतं. आत्यांनी सोसायटीची मीटिंग कधी पाहिली नाही. रजिस्टर घरी यायचं, त्या पिठाचा हात पुसून सही करायच्या. तेवढी एक सहीच त्यांना लिहिता यायची.

आता निवडीआधी संचालक फुटू नयेत म्हणून त्यांना सहलीला न्यायची आमच्याकडं रीत आहे. देवदर्शन म्हणायचं आणि चार दिवस फिरवत ठेवायचं, म्हणजे समोरच्याच्या हाती लागत नाहीत. मामांनी त्या पाचजणांना जीपमधे घालायचं ठरवलं. आत्यांना न्यायचं त्यांच्या मनातही आलं नाही. "ते तर घरचं मत हाय," म्हणाले. परक्या पाचांवर चार दिवस पहारा, आणि घरच्या मताला चूल.

निघायच्या आदल्या आठवड्यात आत्यांना दम्याचा झटका आला होता. ओठ निळे पडले, मी पाठ चोळत बसले, शेवटी सीटा भरून नेणाऱ्या वडापच्या जीपनं डॉक्टरकडं नेलं, कारण आमची जीप मामांना घेऊन बीडला गेलेली. डॉक्टर मलाच ओरडला. त्यात दोन महिन्यांनी एक भरलेली टाकी आली होती. मी ती शेगडीला जोडलीसुद्धा होती. मामा आले आणि सरळ तिचं रेग्युलेटर काढायला लागले.

आत्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "अवो, एक टाकी तरी ऱ्हाऊ द्या की. मला धूर सोसना झालाय."

"चार दिवसांचा तर परश्न हाय. निवड झाली की दोनाच्या चार आणतो."

"डागदर काय म्हणला, ऐकलंत न्हवं?"

"डागदर म्हणतच असत्यात. माझ्या आईनं सारी हयात चुलीपुढं काढली, तिला कसं काही झालं न्हाई?"

त्यांची आई पन्नाशीच्या आत खोकून खोकून गेली हे अख्ख्या गावाला माहीत होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आत्यांनी माझा हात दाबला. बाजूला झाल्या. मामांनी टाकी खांद्यावर घेतली, आणि एक बार काढून चेअरमनसाहेब देवदर्शनाला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपुढं बसल्या बसल्या आत्यांनी मला विचारलं, "चिठ्ठीवर काय असतंय गं?"

मी म्हटलं, "दोघांची नावं असतात. पाहिजे त्याच्यापुढं फुली मारायची."

त्यांनी चुलीतली राख हातानं पुढं ओढून सारखी केली. "लिहून दाव. ह्यांचं कसं दिसतंय?"

मी बोटानं मामांचं नाव लिहिलं.

"आन् दुसऱ्याचं?"

तेही लिहिलं. मला वाटलं, चूक होऊ नये म्हणून विचारतायत. आत्या बराच वेळ बघत बसल्या. मग पदरानं डोळे पुसून त्यांनी राख परत चुलीत लोटली. धुरानं डोळ्यांना पाणी आलं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहायला लावलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा.

निवडीच्या दिवशी सकाळी मामा संचालकांना घेऊन परत निघाले. विरोधक फाट्यावर थांबलेत अशी कुणकुण लागली, म्हणून सडक सोडून जीप कोरड्या नदीतनं घातली. शेवटी फोर व्हीलचा दिवस उगवला! वाळूत चाकं रुतली. मामांनी मोठ्या ऐटीत गिअरशेजारचा फोर व्हीलचा दांडा ओढला. पुढची चाकं ढिम्म. पुन्हा ओढला, पुन्हा ढिम्म. मग त्यांना आठवलं. पुढच्या चाकांना जोर देणारा लोखंडी दांडा मिस्त्रीनं वर्षापूर्वीच काढून दिला होता, त्यानं गॅस वाचतो म्हणून. तो दांडा आमच्या परसात रोवलेला होता. मी त्याला शेळी बांधायची.

पाच संचालकांनी ती जीप ढकलत नदीतनं बाहेर काढली. त्यातले एक अण्णा होते, मामांचे लहानपणचे दोस्त. धोतर फाटलं, गुडघा फुटला, पण मागं हटले नाहीत. सोसायटीच्या दारात उतरले तेव्हा सगळ्यांच्या अंगावर वाळू, आणि मामा मात्र सुकाणूवर बसलेले, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत.

मी आत्यांना हाताला धरून नेलं होतं. दर दहा पावलांना त्या थांबत होत्या. निवडीसाठी आलेल्या सरकारी साहेबानं विचारलं, हात वर करून मत घ्यायचं का? मामाच उठून म्हणाले, "गुप्त मतदान पायजे." समोरचा एकजण आतून आपल्याला मिळालाय, उघड हात वर करायला तो भ्यायचा, असा त्यांचा हिशेब. मी दारातून बघत होते. आत्यांनी चिठ्ठी घेतली, डोळ्यांजवळ धरली, एक फुली मारली आणि नीट चार घड्या घातल्या.

मोजणी झाली. मामांना सहा, विरोधकाला सात.

घरी येईपर्यंत मामांच्या तोंडचा पट्टा थांबला नाही. गद्दार, हरामखोर, माझं मीठ खाऊन घात केला! पाचही संचालकांची कुळं उद्धरून झाली आणि शेवटी संशय बसला तो अण्णांवर. का, तर म्हणे, सगळ्यात जास्त तोच ढकलत होता, चोराच्या मनात चांदणं. अण्णांनी देवाशपथ सांगितलं, रडले बिचारे. मामा मरेपर्यंत त्यांच्याशी बोलले नाहीत. अण्णांचं मला आजही वाईट वाटतं.

चेअरमनकी गेली तसं बीडला जाणंही गेलं. जीप उभी राहिली ती उभीच, पुढं भंगारवाल्यानं ओढून नेली. आठ दिवसांनी मामांनी स्वतःच टाकी आणून शेगडीशेजारी ठेवली. अर्धी होती. मी काडी ओढली, निळा जाळ लागला. आत्यांनी त्यावर पहिली भाकरी टाकली, पुन्हा एकदा दम न लागता.

मामा पाटावर बसले होते आणि पुन्हा तेच चाललं होतं. "माझं मीठ खाऊन. माझ्या जीपमधे बसून. कोण असंल गं तो सातवा?"

आत्यांनी भाकरी त्यांच्या ताटात वाढली.

"खावा," त्या म्हणाल्या. "गरम हाय."