काळ्या दरवाजातली रेंज

माझी बायको जर्मनीतला तो रोमन दरवाजा सांगते तेव्हा दर खेपेला त्याची भिंत थोडी जाड होते. सुरुवातीला शेजारणीला सांगितली तेव्हा ती हातभर होती. दिवाळीत माहेरी सांगताना दोन्ही हात पसरूनही पुरेनात. आता बैलगाडी आडवी लावली तरी भिंत उरते. "इतला जाड दगड, काया ठिक्कर! त्यामा रेंज कशी येई, सांगा बरं?" असं ती विचारते आणि बायका हळहळून माना हलवतात. मी तिथंच पेपर उघडून बसलेला असतो. वाचत काहीच नसतो.

रेंज होती. हे आधीच लिहून टाकतो. गोष्टी पुढे ढकलत राहायची मला जन्माची सवय आहे. निदान कागदावर तरी ती नको.

मी तळोद्याला शाळेत शिकवतो. बायकोचं माहेर कळसाडी. एकुलती मुलगी लग्नानंतर नवऱ्याबरोबर जर्मनीला गेली. तिला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा टिकलं नाही. तिसऱ्यांदा सातवा महिना लागला तेव्हा बायको म्हणाली, आता ओटी तिथं जाऊन भरायची. विमानात नारळ नेऊ देतात की नाही, यावर आमच्या घरी चार दिवस वाद चालला. शेवटी नारळ तिकडेच मिळतो असं पोरीनं फोटो काढून कळवलं तेव्हा तो मिटला.

निघण्याआधी आम्ही कळसाडीला गेलो. सासूबाई खाटेवर होत्या. उठून बसणंही जड जात होतं, तरी त्यांनी पेटीतून स्वतःच्या हातानं साडी काढली. हिरवी, बारीक काठाची, नातीसाठी घेऊन ठेवलेली. बायकोच्या मांडीवर ठेवून म्हणाल्या, "मन्हाकडथीन तू नेसाड तिले. दोन येळ देवनी ऐकं नही, आते ऐकी." बायको म्हणाली, "तूच ये ना मंग, इमानमा बठाडीसू." सासूबाई हसल्या. हसताना त्यांच्या नाकातली फुली हलायची. फुली म्हणजे चमकी. लग्नात घातलेली, कधीच न काढलेली.

आम्ही तिकडे पोचल्यावर आठवडाभरातच शालकाचा, म्हणजे बायकोच्या भावाचा, मला वेगळा फोन आला. आईला शहाद्याला दवाखान्यात ठेवलंय, ताईला आत्ता सांगू नका, ती घाबरेल. मी नाही सांगितलं. तिथून माझा फोन खिशात जड व्हायला लागला. जेवताना तो मांडीखाली ठेवायचा, अंघोळीला जाताना बरोबर न्यायचा. बायको एकदा म्हणालीसुद्धा, "ह्या वयमा कोनी भेटनी का काय तुम्हले?" पोरगी खो खो हसली. मीही हसलो.

आमच्याकडे एक रीत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. सुतक मरणानं लागतं, पण ऐकल्यावर लागतं. ज्याच्या कानावर बातमी गेली नाही, त्याला सुतक नाही. म्हणून लग्नघरात असा फोन आला की घरातलं एखादं जाणतं माणूस तो ऐकून गप्प बसतं, अक्षता पडू देतं, जेवणं होऊ देतं आणि मगच तोंड उघडतं. माझ्या वडिलांनी एका लग्नात असं केलं होतं. लोक अजून त्यांचं कौतुक करतात. काय छाती होती, म्हणतात. मी लहानपणापासून ऐकत आलोय की शहाण्या माणसाचं पोट खोल असतं.

ओटी शनिवारी ठरली होती. शुक्रवारी जावयाला सुटी नव्हती. पोरगी म्हणाली, घरात बसून तरी काय करायचं, चला, मी तुम्हाला रोमन लोकांची वेस दाखवते. गाडीनं जवळच आहे. गाडी तीच चालवत होती. मागच्या सीटवर बायको प्रत्येक वळणाला "हयू, हयू बेटा" करत होती. सकाळी शालकाचा मेसेज आलेला: तब्येत नरम आहे. आमच्याकडे 'नरम' म्हणजे काय, ते मला कळत होतं.

दरवाजा पाहिला आणि खरं सांगतो, क्षणभर फोन विसरलो. गावाच्या ऐन मध्यावर, दुकानांच्या रस्त्याच्या तोंडाशी तो उभा. दोन बुरूज, मध्ये जाण्यायेण्याच्या दोन कमानी, वर कमानींच्या खिडक्यांच्या रांगा. सगळा दगड धुरानं माखल्यासारखा काळा. बायकोनं पदर सावरला आणि वर बघत म्हणाली, "इतली मोठी वेस, अन् मारुती कोठे शे?"

"मम्मी, इथे मारुती कुठून येणार?"

"मारुती नही तं मंग राखन कोन करस?"

पोरगी सांगायला लागली. या दगडांमध्ये चुना नाही, माती नाही. दगडावर दगड ठेवला आणि आतून लोखंडाच्या पट्ट्यांनी अडकवला. पुढं लोकांनी लोखंडासाठी दगड कोरून त्या पट्ट्या काढून नेल्या. ती भोकं अजून दिसतात. बायको भोकांकडे बघून म्हणाली, "भंगारवाला सगळीकडे शेतस बरं!" मग पोरगी म्हणाली की या गावाला अशा आणखी वेशी होत्या. त्यांचे दगड लोकांनी घरांसाठी नेले. ही एकच वाचली, कारण एका साधूनं हिच्या बुरुजात स्वतःला कोंडून घेतलं आणि तो मरेपर्यंत बाहेर आला नाही. त्याच्यामागं लोकांनी इथं चर्च केलं, मग दरवाजाला कोण हात लावणार?

"मरेपर्यंत कोनासंगे बोलना नही?" बायकोनं विचारलं.

"नसेल बोलला."

"माय वं! मी तं अर्धा दिवसमा मरी जाऊ."

कमानीखालून जाण्याआधी बायकोनं पर्समधून रुमाल काढला. त्यात तळोद्याहून बांधून आणलेलं मीठ आणि मोहरी होती. भरल्या पोटाच्या बाईनं वेस ओलांडायची तर तिच्यावरून उतरवून टाकावं लागतं. तिनं पोरीच्या डोक्यावरून मूठ ओवाळली आणि भिंतीच्या कडेला टाकली. एक गोरी म्हातारी थांबून बघत होती. बायको तिच्याकडे बघून हसली, तीही हसली. पोरगी लाजून लाल झाली. "मम्मी, चल आता!"

जिने चढायला पोरीला मनाई होती. ती खाली बाकावर बसली आणि आम्ही दोघं तिकीट काढून वर गेलो. गोल जिना, अंधारा, थंड. बायको पुढं होती, गुडघ्यावर हात ठेवून एकेक पायरी घेत. पहिल्या मजल्यावर पोचलो आणि माझ्या मांडीला फोन थरथरला.

मी बायकोला म्हणालो, "तू हो पुढे, मी दम घेतो." ती वरच्या मजल्याकडे वळली. मी एका कमानीच्या खिडकीत जाऊन उभा राहिलो. खाली रस्ता, दुकानं, बाकावर पोरगी सफरचंद खात बसलेली. फोन बघितला. व्हिडिओ कॉल होता. वरच्या कोपऱ्यात रेंजच्या चारही डांड्या भरलेल्या. पोरीनं तिकडचं सिमकार्ड फक्त माझ्याच फोनात घालून दिलं होतं.

शालक रडत होता. "दाजी, आई गयी. सकायमा गयी." मागं बायकांचा आवाज येत होता. "ताईले द्या. उन शे, जास्ती येळ ठेवता येत नही, आते लई जातस. तिले एक डाव तोंड देखू द्या. देखा..." आणि त्यानं फोन वळवला.

मी पाहिलं. मला दिसलं. स्वच्छ दिसलं.

"दाजी? द्या ना ताईले."

वरून बायकोचा आवाज आला, जिन्यातून घुमत. "आयकतस का? कोना फोन शे?"

त्या वेळी माझ्या डोक्यात काय काय होतं, ते आता नीट लावून सांगता येतं, तेव्हा तसं लावलेलं नव्हतं. उद्याची ओटी होती. दोनदा रिकामी झालेली पोरगी खाली सफरचंद खात होती. आईचा टाहो ऐकून ती जिन्याकडे धावली असती तर? सासूबाईंची साडी तशीच बॅगेत राहिली असती. हे सगळं खरं आहे. पण त्याच्याखाली अजून एक होतं, आणि ते मी कुणाला बोललो नाही: मला भीती वाटली. परक्या देशात, परक्या माणसांच्या गर्दीत, त्या दगडी पोकळीत बायको ओरडून रडेल आणि मला तिला सावरावं लागेल, याची. मला ते जमलं नसतं. मला ते टाळायचं होतं.

मी वर ओरडलो, "बँकवाल्याचा!" आणि फोनमध्ये हळू आवाजात म्हणालो, "हॅलो... हॅलो... अडकतंय... दिसत नाही काही... दगडात रेंज नाही रे..." आणि कापला. मग बंदच करून टाकला.

वर गेलो तर बायको शेवटच्या खिडकीत उभी. वारा होता, पदर उडत होता. "किती गार लागस आठे," ती म्हणाली. "मन्हा फोटो काढा. आईले धाडसू." मला फोन पुन्हा चालू करावा लागला. मी फोटो काढला. ती काळ्या कमानीत, हात कमरेवर ठेवून, पाटलीणबाईसारखी उभी आहे आणि मनापासून हसते आहे. कळसाडीला त्या वेळी काय चाललं असेल, ते मी ओळखून होतो.

"धाडा ना," ती म्हणाली.

"रेंज नाही," मी म्हणालो. एकच खोटं दोनदा वापरलं.

शनिवारी ओटी भरली. पोरगी हिरव्या साडीत बसली. बायकोनं गहू घातले, नारळ ठेवला आणि म्हणाली, "हाई आजीनी साडी शे. नमस्कार कर आजीले." पोरीनं भिंतीकडे, जिकडे भारत असेल असं तिला वाटलं तिकडे, हात जोडले. मी उठून पाणी प्यायला गेलो.

संध्याकाळी सांगितलं. अर्धं खरं: काल दरवाजात आलेला फोन बँकेचा नव्हता, शालकाचा होता, पण आवाज तुटत होता; काहीतरी आईचं आहे एवढं कळलं. घरी आल्यावर नीट समजलं, आणि ओटीसाठी गप्प बसलो. ती जमिनीवर बसली. पुष्कळ रडली, उशीत तोंड घालून, पोरीला ऐकू जाऊ नये म्हणून. म्हणजे तिनं सावरलं स्वतःला. मला काही करावंच लागलं नाही. डोळे पुसून म्हणाली, "बरं कयं तुम्ही. आईनी साडी तं पोरीले भेटनी." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या.

परत आलो तोवर तिकडे दिवसकार्य उरकलं होतं. आमच्याकडे माहेरवाशीण आई गेल्यावर येते तेव्हा वेशीपासूनच रडत येते आणि गल्लीतल्या बायका तिला घ्यायला सामोऱ्या येतात. कळसाडीच्या कमानीपाशी बायको जीपमधून उतरली. कुणी सामोरं आलं नाही. त्यांचं रडून झालं होतं, कापूस वेचणीचे दिवस होते. ती कमानीखाली थोडा वेळ उभी राहिली, मग पदर डोक्यावर घेऊन मुकाट्यानं चालू लागली. घरी शालक गळ्यात पडून म्हणाला, "ताई, मी दखाडत व्हतू वं, पन दाजीनी रेंजच गयी." आणि तिनं त्याची पाठ थोपटत पहिल्यांदा ते वाक्य म्हटलं, "इतला जाड दगड, त्यामा रेंज कशी येई, भाऊ?"

नात झाली, छान आहे. गेल्या आठवड्यात बायकोनं तो फोटो मोठा करून, काच बसवून आणला. तिला तो कळसाडीला न्यायचा होता, आईच्या तसबिरीशेजारी लावायला. "तठलाच दगड आडवा उना," ती म्हणाली, "पन आईना फोन तठलगून उना व्हता ना? तेवढं तरी राहू दे भितवर." आईचा फोन जिथवर पोचला ती जागा म्हणून ती तो फोटो जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळत होती. सुतळीची गाठ मारायला तिनं मला बोट ठेवायला सांगितलं. मी बोट ठेवलं.

म्हणालो, "हा फोटो नेऊ नको."

"का बरं?"

"रेंज होती."

तिनं सुतळी सोडली नाही. माझं बोट गाठीखालीच होतं.

"कितली?"

"चारी डांड्या."

मला वाटलं, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. मग म्हणाली, "म्हणजे तुम्हले दिखनी व्हती."

"हो."

तिनं गाठ सोडवली, माझं बोट मोकळं केलं, फोटो बाजूला सरकवला आणि मांडी घालून माझ्यासमोर बसली. "सांगा," म्हणाली.

मी सांगितलं. खाटेवर नाही, जमिनीवर ठेवलं होतं. नाकावर चष्म्याचा वळ तसाच होता. फुली काढलेली नव्हती. केस विंचरले होते, भांग एका बाजूला पाडला होता.

"बाजूले? आई मधमा भांग पाडे. कोनी पाडा?"

"माहीत नाही."

"तोंड उघडं व्हतं का मिटेल?"

"मिटलेलं."

"आजून?"

मी आठवून पाहिलं. उजव्या हाताशी कुणाची तरी बांगड्या भरलेली मनगटं दिसली होती, ती सांगितली.

"आजून सांगा."

अजून काही नव्हतं. फोन मी तेवढ्यावरच कापला होता. ती तरीही समोर बसून राहिली, माझ्या तोंडाकडे बघत, जसं काही पुढचं तिथंच दिसणार होतं.