जाऊबाईंच्या कपाळावर माझं लग्न

माझ्या लग्नाच्या कॅसेटला बुरशी आली, मग केलेल्या सीडीवर ओरखडे पडले. शेवटी बिडकीनच्या दुकानदारानं सगळं लग्न नखाएवढ्या मेमरी कार्डात भरून दिलं. आई गेल्यापासून तिचा आवाज तेवढ्यातच उरलाय. कार्ड हरवू नये म्हणून मी ते आरशावर मोठ्या टिकलीखाली चिकटवलं.

सकाळी टिकलीच गायब! लाजेनं कुणाला विचारलं नाही, दिवसभर कोपरे झाडत राहिले. संध्याकाळी थोरल्या जाऊबाई पाचोडच्या बाजारातून कपाळ चोळत आल्या.

"तुझी टिकली लावली गं सकाळी. लई टोचती बया!"

मी झडप घालून टिकली ओढली. मागं कार्ड! "माझं लग्न आहे ह्यात!" मी ओरडले.

"व्हय गं? म्हणजे तुझं अख्खं लग्न कपाळावर घेऊन मी वांगी निवडली?"

आम्ही दोघी हसून हसून खालीच बसलो.

कार्ड पदरानं पुसून मोबाईलमध्ये घातलं. हळदीची वाजंत्री सुरू झाली, आणि आई केवढ्यानं ओरडली, "अगं, मान वर कर की! आम्ही काय खातो का तुला?"

मी पटकन मान वर केली.