न विसळलेला डबा

मेरिन टोलहर्स्टच्या घरात काही वाया जाईल तर शपथ! चहाची पिशवी ती दोनदा बुडवायची, जॅमच्या रिकाम्या बाटल्या विसळून ठेवायची. "तुझा चहा म्हणजे नुसतं गरम पाणी गं," तिचे बाबा, डेस, चिडवायचे. ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅटजवळच्या गावात ते हौसेने, बिनपगारी, आगीच्या बंबावर वणवे विझवायला जायचे. कोणता बंब कुठे आहे हे नकाशावर दाखवणारा प्रोग्राम मेरिन लिहायची.

तो प्रोग्राम तिच्या डोक्यात जायचा. बंब कुठे आहे याची प्रत्येक खबर ठेवायला तो मेमरीतून नवा डबा घ्यायचा आणि वापरून फेकून द्यायचा. साचलेले डबे उचलायला मेमरी साफ करणारा झाडूवाला निघाला की नकाशा थिजायचा, तोही ऐन वणव्यात. मेरिनने ठरवलं, डबे फेकायचेच नाहीत, तेच परत वापरायचे. नकाशा झरझर चालू लागला आणि बाई खूश झाली.

मग उत्तरेचा भाजणारा वारा सुटला, डोंगर पेटला. कंट्रोल रूममध्ये मेरिनचं बूड खुर्चीला टेकेना.

"तुझे बाबा क्रिकेटच्या मैदानावर आहेत, सुखरूप," ड्यूटीवरचा गॅविन पडद्यावरचा नकाशा बघत म्हणाला. "सँडविच हाणत असतील. बस बघू तू."

"बाबा, आणि इतका वेळ एका जागी? जेवतानासुद्धा बसत नाहीत ते."

तिने पडदा जवळून पाहिला. दुसऱ्या एका बंबाचा ठिपका नेमका बाबांच्या ठिपक्याखाली होता. दरीत जागेचा सिग्नल मिळाला नाही की बंबाची खबर रिकामी येते. बाबांच्या रिकाम्या खबरेला दुसऱ्याचा वापरलेला डबा मिळाला होता, आणि डबा आधी पुसायचं ती विसरली होती; म्हणून त्या दुसऱ्याचीच जुनी जागा बाबांच्या नावावर दिसत होती. घरी बाटल्या विसळणारी ही बया!

"गॅविन, नकाशा खोटं बोलतोय. चूक माझी आहे. रेडिओवर प्रत्येकाला विचार, आत्ता."

डेसचा बंब खरंच दरीत होता, आणि वारा फिरून पश्चिमेकडून आला की ती दरी पेटणार होती. "निघा तिथून," गॅविन ओरडला.

"निघतो," खरखरीतून डेसचा आवाज आला. "मला वाटलं, तुम्हाला दिसतोय मी. म्हणून निवांत होतो."

वारा फिरायच्या जेमतेम आधी बंब वर आला.

संध्याकाळी काजळीने माखलेले बाबा स्वयंपाकघरात आले. मेरिनने त्यांच्यासाठी चहाची नवी पिशवी काढली आणि सगळं सांगून टाकलं. डेसनी कप पुढे ओढला.

"नकाशावर माझी जागा रिकामी दाखवायचीस गं," ते म्हणाले. "निदान कोणी शोधलं तरी असतं."